चुलीच्या पलीकडून

आमच्या घरात विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. तेलाच्या बाटलीवर माय कोळशाने रेघ मारून ठेवायची. संध्याकाळी रेघेचा आणि तेलाचा मेळ बसला नाही की आधी माझ्याकडे बघायची, मग मांजराकडे, मग शेजारच्या दाराकडे. मांजर तेल पीत नाही हे तिला ठाऊक होतं, पण चौकशी पुरी झालेली बरी. माझे वडील, दादा, गवंडी होते. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीजवळून ते कधी मुकाट गेले असं मला आठवत नाही. एक डोळा मिटून भिंतीच्या कडेला गाल लावायचे आणि "गेली" एवढंच म्हणायचे. म्हणजे भिंत ओळंब्यातून गेली, वाकडी झाली. मग दिवसभर खुशीत असायचे. अशा दोघांच्या पोटी मी. लातूरला सून दूध घेऊन आली की मी अजून त्यात बोट बुडवून बघते. सून म्हणते, "आई, पिशवीतलं आहे ते." अगं, पिशवीतलं आहे म्हणून तर बघते.

पण मायचा संशय उगाच नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. आमचं गाव नायगावहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत, दोन कोस. माय सातवी पास. बौद्धवाड्यातल्या एका बाईच्या नावाचं सरकारी पत्र आलं, बालवाडीची सेविका म्हणून, तेव्हा गावातल्या पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. शिकवायला शिकवेल, पण तिच्या हातचं लेकरं खातील का? असं उघड विचारणारे थोडे, मनात धरणारे मायंदाळ. शेवटी तोड निघाली ती अशी: शिकवायचं मायने, आणि शिजवायला मदतनीस म्हणून वरच्या आळीतली कौसाबाई. कौसाबाई शेतकऱ्याघरची, नवऱ्यामागे दिराच्या घरात राहणारी, उंच, हडकुळी, नऊवारीतली बाई. मायच्या जागेसाठी तिनेही अर्ज केला होता, पण ती चौथीपर्यंतच शिकलेली. हे मायला कळलं आणि तिच्या मनात कायमची रेघ पडली. "शकू," ती मला म्हणायची, "आपल्याला दिलेलं कोनीतरी वापस घ्यायच्या तयारीतच असतंय. ध्यानात ठेव."

बालवाडी म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, तिला मागून लागून शिजवायचा पत्र्याचा आडोसा. सकाळी लापशी शिजायची, गूळ जास्त पडला की तिचा वास रस्त्यापर्यंत यायचा. लेकरं वास बघूनच पळत सुटायची. शिकवायला मायकडे काही म्हणजे काही नव्हतं. तक्ते नाहीत, ठोकळे नाहीत. मग तिने डोकं लढवलं. गेरू आणि चुना आणून भिंतीवर तीन आकार काढले, हातभर मोठे. दादांनी दोरी धरून रेघा सरळ करून दिल्या. गोल म्हणजे भाकर. चौकोन म्हणजे पाट. आणि त्रिकोण म्हणजे तीन दगडांची चूल, मागे एक दगड, पुढे दोन. रोज सकाळी ती पट्टी घेऊन उभी राहायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, "भाकर कशी?" वीस-पंचवीस गळे फुटायचे, "गोऽऽल!" "पाट कसा?" "चौकोऽऽन!" "चूल कशी?" "तिरकोऽऽन!" तो गलका आमच्या घरी ऐकू यायचा. मी भाकरी थापता थापता नकळत उत्तरं द्यायची. मायला या युक्तीचा फार अभिमान होता, आणि खरं सांगते, मलाही.

एक दिवस नांदेडहून मुख्यसेविका आल्या. गोल चेहऱ्याच्या, चष्म्यातल्या, वाईट नव्हत्या. पण लिहायची वही हातातून खाली ठेवायच्या नाहीत. परीक्षा संपून मला सुटी लागली होती, म्हणून मी दारात बसून हे सगळं पाहिलं. लेकरांनी भिंतीवरचे आकार धडाधड सांगितले. बाई हसल्या. मग त्यांनी पिशवीतून लाकडाचे रंगवलेले ठोकळे काढले, तळहाताएवढे. त्यांतला त्रिकोण घेतला आणि टोक खाली करून धरला. "हे काय?"

लेकरं एकमेकांकडे बघू लागली. माय मागून डोळ्यांनी खुणावत होती. शेवटी कौसाबाईची नात मुक्ती, चार वर्षांची, नाकाला बाही पुसत म्हणाली, "काय न्हाई ते."

"काही नाही कसं? नीट बघ."

"मागचा दगड पुढं आला," मुक्ती म्हणाली. "लाकूड कुठून घालायचं?"

बाईंनी चौकोन काढला, कोपऱ्यावर उभा धरला. सगळी एका सुरात ओरडली, "शंकरपाळं!" बाईंनी तोच सरळ केला. "चौकोऽऽन!" परत वाकडा केला. "शंकरपाळं!" मला हसू फुटलं. माय हसत नव्हती. मुख्यसेविकांनी वहीत लिहिता लिहिता सांगितलं, "बाई, तुम्ही यांच्याकडून गाणं पाठ करून घेतलंय. आकार नाही शिकवला. महिन्याने परत येते. तेव्हाही हेच असलं, तर मला वर कळवावं लागेल. या जागेसाठी अर्ज कमी नाहीत, माहीत आहे ना?" ठोकळे सरावासाठी ठेवून त्या गेल्या.

इथे जरा थांबते. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, पहिलीच्या वर्गात उभा जन्म गेला, आणि आता मला माहीत आहे की ती लेकरं चुकत नव्हती. लहान लेकरू आकार बघत नाही, वस्तू बघते. आधी त्याला सगळंच गोल. बटाटा गोल, खिडकीही गोल. मग कोपरे दिसायला लागतात, पण मोजायला सुचत नाही. सगळी चीज एकदम डोळ्यांत भरते, जशी पहिल्यांदा दाखवली तशीच, त्याच बाजूने. फिरवली की ती दुसरी झाली. बोटं कोपऱ्यावरून फिरली, लेकरू स्वतः तिच्याभोवती फिरलं, की हळूहळू कळतं की वस्तू तीच आहे, फिरलो आपण. परवा ओवी, माझी नात, टॅबवर आकार ओळखत होती. सून कौतुकाने म्हणाली, "आई, तिला सगळे येतात." मला शक आला. मी टॅब उलटा केला, तर चित्र आपोआप फिरून सुलटं झालं! परत उलटा केला, परत सुलटं. म्हणजे यंत्रच लेकराला सांभाळून घेतंय. मी सरळ ताटातली पोळी त्रिकोणी घडी करून तिच्यापुढे उलटी धरली. ओवीने एक घास तोडला आणि म्हणाली, "आता काहीच नाहीये." चार वर्षांचीच आहे तीही.

पण तेव्हा हे कोणाला माहीत होतं? माय घरी आली ती पदराने तोंड पुसत, आणि उंबऱ्यातच म्हणाली, "कोनीतरी पढवलंय पोरांना." कोण, हे विचारायची गरज नव्हती. "सगळ्यांत आधी कोन बोललं? तिचीच नात. चार वर्साचं पोरगं स्वताहून म्हनंल व्हय, काय न्हाई ते?" मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, अंगावर काटा आला. मला वाटलं, आता कौसाबाई आमच्या मायच्या खुर्चीवर बसणार आणि आम्ही परत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणार. माय म्हणाली, "उद्यापासून ध्यान ठेव तिच्यावर. मी दुपारी घरभेटीला जाते तवा ती काय करून राहिली, ते बघ."

शिजवायच्या आडोशाच्या पत्र्याला एक भोक होतं, खिळा निसटल्याचं. दुपारी माय गेली की मी मागच्या बाजूने जाऊन त्याला डोळा लावायची. ऊन मी म्हणत असायचं, पत्रा कानशिलाला चटके द्यायचा. पहिले दोन दिवस काही नाही. कौसाबाई पातेली घासायची, राख उडायची, मुक्ती दगडांशी खेळायची. तिसऱ्या दिवशी कौसाबाईने लाकडाचा त्रिकोण काढला आणि नातीपुढे जमिनीवर ठेवला.

"हे काय हाय?"

"चूल."

कौसाबाईने तो फिरवला. अगदी हळूहळू, भाकर तव्यावर फिरवतात तसा. टोक मुक्तीकडे आलं. "आता?"

"न्हाई."

"बरं, न्हाई तर न्हाई," कौसाबाई म्हणाली आणि हसली. परत फिरवला. "आता?" "चूल." परत. "आता?" "न्हाई." असं किती वेळा केलं असेल! मध्येच ती वर बघायची, पत्र्याकडे, माझ्याच बाजूला, आणि पुन्हा खाली बघून अजून हळू फिरवायची. पढवते, पढवतेच आहे! न्हाई म्हणायला शिकवतेय! जाताना तिने तो त्रिकोण कनवटीला खोचला. मी घराकडे अशी धावले की वाटेत चप्पल तुटली तरी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी माय कौसाबाईच्या निघायच्या वेळेची वाट बघत राहिली. लेकरांना न्यायला बाया जमल्या होत्या, वरच्या आळीतल्या आणि आमच्याही. त्या सगळ्यांसमोर मायने दारात हात आडवा लावला. "कौसाबाई, कनवटीला काय हाय?"

"काय न्हाई, बाई. सांजच्याला आनून ठेवते मी."

"काय हाय ते दाखवा."

कौसाबाईचा चेहरा एकदम उतरला. तिने हळूच कनवट सोडली आणि लाल त्रिकोण काढून मायच्या हातावर ठेवला. बायांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "अगं माय माय" म्हणालं. कौसाबाई म्हणाली, "लेकरू कसं बघतंय, ते बघून राहिले होते मी."

"शकूनं सगळं पाहिलंय," माय म्हणाली. "न्हाई म्हनायला शिकवून राहिल्या तुम्ही पोरीला. माझी जागा पायजे तुमाला."

कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती पाहत राहिली, जणू मी काहीतरी बोलेन म्हणून. मी मान वळवली. मग ती मायला म्हणाली, "माझ्या हातचं खातात म्हनून लेकरं येतात तुमच्याकडं. कधी बोलून दाखवलं का मी?" आणि मुक्तीला काखेत मारून निघून गेली. माझा आनंद मला अजून आठवतो, आणि त्याची लाजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या आळीतलं एकही लेकरू आलं नाही. आमच्या वाड्यातली आठ-नऊ तेवढी. मायने लापशी स्वतः शिजवली, अर्धी उरली. भिंतीवरच्या चुलीसमोर उभी राहून ती विचारायची, "चूल कशी?" उत्तराचा आवाज आमच्या घरापर्यंत पोचेना. ठोकळा उलटा धरला की तीही लेकरं "न्हाई" म्हणायची. ती तर आमचीच होती! त्यांना कौसाबाईने कधी पढवलं? मायने माझ्याकडे पाहिलं, मी मायकडे. दोघींनाही एकच शंका आली: कौसाबाईने पढवलंच नसेल तर?

बाजाराचा दिवस होता, दादा कामाला गेले नव्हते. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ते पोरगं नेमकं काय म्हनलं होतं?"

"लाकूड कुठून घालायचं," मी सांगितलं.

दादांचा घास तोंडाशी थांबला. मग ते एवढे हसले की ठसका लागला. हात तसेच खरकटे घेऊन ते अंगणात गेले, तीन दगड आणून मांडले, मागे एक, पुढे दोन. "बस," मायला म्हणाले. माय बसली, जशी रोज बसते तशी. "काय दिसून राहिलं?" "चूल." "आता उठ आन् पल्याडून बस."

"पल्याडून कोन बसतंय?"

"बस तर खरी."

माय कुरकुरत उठली, फिरून गेली आणि मागच्या दगडापाशी उकिडवी बसली. चुलीचं टोक आता तिच्याकडे होतं. ती बघत राहिली. दादा म्हणाले, "दगड हालले का? न्हाई हालले. तू पोरांना चूल शिकवलीस, तिरकोन शिकवलाच न्हाईस. आन् चुलीच्या ह्या बाजूला कोनी बाई जन्मात बसत न्हाई." माय मातीत बोट फिरवत म्हणाली, "मंग कौसाबाई काय करून राहिली होती?"

माय तशीच उठली आणि वरच्या आळीला निघाली. मी मागोमाग. कौसाबाईच्या दिराच्या अंगणापर्यंत आम्ही कधी गेलो नव्हतो. माय बाहेरच्या कुडापाशी थांबली. आत तीन दगड मांडलेले होते. मुक्ती त्यांच्याभोवती गोल गोल फिरत होती, दर फेरीला वाकून प्रत्येक दगडाला हात लावत होती. "हिकडून चूल. हिकडून बी चूल. हिकडून बी." कौसाबाई तुरी पाखडत बसली होती. तिने आम्हाला पाहिलं, पण सूप थांबवलं नाही.

"कौसाबाई," माय म्हणाली, "माझं चुकलं. उद्या या."

सूप चालूच होतं. "लेकरू येईल," कौसाबाई म्हणाली. "मी न्हाई."

आणि मुक्ती आली. ती आली म्हणून हळूहळू बाकीची आली. मायने शिजवलेली लापशी पहिल्या दिवशी तिने एकटीने खाल्ली, वाटी चाटून, इतर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं बसली. काही घरची लेकरं शेवटपर्यंत तिथे जेवली नाहीत, तेही सांगते. मायने भिंतीवर चुना फासला आणि अंगणात दगड, पाट, परात मांडून लेकरांना त्यांच्याभोवती फिरवायला सुरुवात केली. महिन्याने मुख्यसेविका आल्या. त्रिकोण काढून टोक खाली करून धरला. मायने डोळे मिटून घेतले. मग मुक्ती उठली, बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली, मान पार खाली वाकवून त्यांच्या काखेतून ठोकळा बघितला. तिच्यामागे सगळीच उठली आणि बाईंभोवती कोंडाळं केलं. "तिरकोऽऽन!" "हिकडून बी तिरकोऽऽन!" बाईंचा चष्मा घसरला. बालवाडीच्या शेरेवहीत त्यांनी "समाधानकारक" असं लिहिलं. मायने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि त्याचा काही दुसरा अर्थ निघत नाही ना, ते दादांना वेगळं विचारलं.

मायची जागा राहिली. ती निवृत्त होईपर्यंत राहिली. कौसाबाई परत कधी बालवाडीत आली नाही, आणि मी तिच्या वाटेने गेले नाही. माहीत होतं ना, तोंडघशी पडेन.

माय गेल्यानंतर दोनेक वर्षांनी मी लातूरची गाडी बघत नायगावच्या स्टँडवर उभी होते. बाकावर एक म्हातारी, पायाशी गाठोडं. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "कोन गं? बालवाडीच्या बाईची शकू न्हवं तू?"

मी पाया पडले. तिने मायचं विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "तू पत्र्याच्या भोकातून बघायचीस."

"तुम्हाला माहीत होतं, मावशी?"

"माहीत म्हंजे? भोकात डोळा दिसायचा की. मी म्हनलं, बरं झालं. मी सांगायला गेले तर तुझी माय ऐकनार न्हाई, माझ्या बोलन्यात तिला दुसरंच दिसंल. तू शाळा शिकनारी पोरगी, तू बघून मायला समजावशील. म्हनून तर मी हळूहळू फिरवत होते, तुला नीट दिसावं म्हनून." तिने माझा हात चाचपडत धरला. "आन् सांगितलंस तर तू. पर काय सांगितलंस गं माय?"

त्या दिवसानंतर पंचवीस वर्षं मी हे पुन्हा कुणाला बोलले नव्हते. मायलाही नाही. "मावशी," मी म्हणाले, "मी सांगितलं, तुम्ही ठोकळा चोरता आणि पोरीला न्हाई म्हणायला पढवता."

तिने मान हलवली, जसं तिला ते केव्हाच ठाऊक होतं. मग गाठोडं पायाने बाजूला सारलं आणि बाकावर जरा सरकली. "हिकडच्या बाजूनं येऊन बस," ती म्हणाली. "त्या बाजूचा डोळा गेलाय माझा. तिथून दिसत न्हाईस तू."